जुनी प्रणाली, जुने दप्तर
(कालबाह्य संगणक-प्रणाली लोक का सोडत नाहीत? : एक अभ्यास)

गतवर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आमचा एक जुना विद्यार्थी कार्यालयात आला आणि कोपऱ्यातील संगणकापाशी थबकला. आज तो पुण्यात संगणक-क्षेत्रात चांगल्या हुद्द्यावर आहे. पडद्यावरील हिरवी टेकडी व निळे आकाश पाहून तो म्हणाला, "सर, अजून एक्सपी? ही केव्हाच बाद झाली!" त्याच्या स्वरात आश्चर्य होते, तशी थोडी लाजही होती. आपल्या शाळेने मागे राहू नये, ही तळमळ त्या लाजेमागे होती, हे आम्ही ओळखले. तथापि त्या दिवशी आम्हांस त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची मागणी केली, तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, संगणकाचे नव्हे. परंतु जुनी वस्तू माणसे का टिकवितात, हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे.

प्रणाली जुनी होते म्हणजे काय?

ज्या पालकांचा संगणकाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. वसतिगृहात जे काम गृहपाल करतात, तेच काम संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, करते. कोणाला कोणती खोली, पाणी केव्हा सोडायचे, भोजनगृहात कोणाचा क्रम आधी, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे की नाही, या सर्व गोष्टी गृहपालांच्या हातून होतात. त्याचप्रमाणे संगणकातील स्मृती, छपाईयंत्र, कळफलक व निरनिराळ्या आज्ञावली यांची व्यवस्था कार्यप्रणाली लावते. विंडोज, लिनक्स, भ्रमणध्वनीतील अँड्रॉइड ही तिची परिचित उदाहरणे होत.

लोखंडी खाट गंजते, सतरंजी विरते. कार्यप्रणाली मात्र वापराने झिजत नाही. मग ती जुनी कशी होते? तिच्या कुलपांत वेळोवेळी दोष आढळतात. निर्माता ते दोष दुरुस्त करून सुधारणा पाठवीत असतो. एका ठरावीक तारखेनंतर तो या सुधारणा पाठविणे थांबवितो. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही. तो आदल्या दिवसासारखाच चालतो. फरक इतकाच, की यापुढे कुलपात दोष सापडला तर तो दुरुस्त करणारा कोणी उरत नाही. जुनेपण डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ते मनाला पटत नाही.

एका दीर्घायुषी प्रणालीची कथा

विंडोज एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 रोजी बाजारात आली. तिच्यानंतरची व्हिस्टा ही प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचण्यास जानेवारी 2007 उजाडले. मधल्या पाच वर्षांत एक अख्खी पिढी एक्सपीवर संगणक शिकली. आमच्या शाळेतील पहिली संगणक-तुकडीही त्याच काळातली. व्हिस्टा आली ती जड पावलांनी. एक्सपीला किमान 64 मेगाबाइट स्मृती पुरत असे. व्हिस्टाला किमान 512 मेगाबाइट लागे, म्हणजे आठपट. जुन्या यंत्रांवर ती मंदावली, अनेक जुनी छपाईयंत्रे तिच्याशी जुळेनात, आणि लोक एक्सपीकडे परतले. 2009 साली विंडोज 7 आली, तिने बरेच वापरकर्ते वळविले. तरीही एक्सपी हटली नाही. 8 एप्रिल 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार काढून घेतला, तेव्हा तिचे वय साडेबारा वर्षांचे होते आणि जगभर कोट्यवधी यंत्रे तिच्यावर चालत होती.

पुढे विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी. या वेळी पेच अधिक कठीण झाला. विंडोज 11 ला 4 गिगाबाइट स्मृती, 64 गिगाबाइट साठवण आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची विशिष्ट व्यवस्था लागते. शिवाय निर्मात्याने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आपला प्रोसेसर असावा लागतो. परिणामी उत्तम चालणारे, परंतु सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले असंख्य संगणक केवळ यादीत नाहीत म्हणून अपात्र ठरले. पात्रतेची यादी करणारा एक आणि तिच्याबाहेर राहणारे अनेक, ही रचना आमच्या वाचकांस अपरिचित नाही.

लोक का सोडत नाहीत?

पहिले कारण पैसा हे खरे. पण ते जितके सरळ वाटते तितके नाही. खर्च केवळ नव्या प्रणालीचा नसतो. नवी प्रणाली आली की स्मृती अपुरी पडते, म्हणून नवा संगणक घ्यावा लागतो. नव्या संगणकाला जुने छपाईयंत्र ओळखता येत नाही, म्हणून तेही बदलावे लागते. जुनी हिशेबाची आज्ञावली चालत नाही, म्हणून तीही विकत घ्यावी लागते. एका विटेसाठी भिंत पाडण्याची वेळ येते. तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या पालकाने हा हिशेब केला, तर तो जुन्यावर का थांबतो हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे कारण यंत्रांच्या आयुष्यातील विषमता हे होय. रुग्णालयातील तपासणीयंत्र, कारखान्यातील कातण्याचे यंत्र किंवा बँकेचे एटीएम पंधरा-वीस वर्षे टिकेल अशा हेतूने घेतले जाते. त्याच्या पोटातील कार्यप्रणालीचा आधार मात्र दहा-बारा वर्षांत संपतो. यंत्र धडधाकट असते, पण त्याचा गृहपाल निवृत्त झालेला असतो. आपल्या देशातील एटीएमचे उदाहरण बोलके आहे. एक्सपीचा आधार संपून चार वर्षे उलटली तरी अनेक एटीएम तिच्यावरच चालू होती. अखेर जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले : सप्टेंबर 2018 पर्यंत किमान 25 टक्के, डिसेंबरपर्यंत 50 टक्के, मार्च 2019 पर्यंत 75 टक्के आणि जून 2019 पर्यंत सर्व एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. बँकांसारख्या सधन संस्थांना जेथे तारखा घालून द्याव्या लागल्या, तेथे खेड्यातील शाळेला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

तिसरे कारण जुन्या आज्ञावलींचे आहे. विंडोजच्या 64-बिट आवृत्तीवर 16-बिट काळातील आज्ञावली चालत नाहीत, आणि विंडोज 11 केवळ 64-बिट रूपातच मिळते. नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोसारख्या साधनांत कोणी लेखनिकाने, कोणी शिक्षकाने, कोणी हौशी विद्यार्थ्याने रचलेल्या असंख्य याद्या व हिशेब यामुळे एका फटक्यात मुके झाले. ते रचणारे आता कोठे आहेत हेही ठाऊक नसते.

चौथे कारण मनुष्यस्वभावाचे. ज्याने मोठ्या कष्टाने, उतारवयात, हाताखालच्या मुलाकडून एक-एक कळ विचारून काम शिकून घेतले, त्याच्यासाठी ते ज्ञान ही मिळकत असते. नवी प्रणाली ती मिळकत एका दिवसात बुडविते. बटणांच्या जागा बदलतात आणि काल दुसऱ्यांना शिकविणारा मनुष्य आज पुन्हा अडाणी ठरतो. ज्यांच्या घरात अक्षरओळख झालेली ही पहिली वा दुसरी पिढी आहे, त्यांना पुन्हा अडाणी ठरण्याचे दुःख अधिक बोचते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

मराठीची विशेष अडचण

या सर्वांहून वेगळे असे एक कारण आपल्या भाषेशी निगडित आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला असतो. पूर्वीच्या मराठी टंकांनी एक युक्ती योजली होती. इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर त्यांनी देवनागरीचे आकार बसविले. पडद्यावर मराठी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीगच असे. त्यातही प्रत्येक टंक-निर्मात्याची मांडणी निराळी. एकाच्या मांडणीतील 'क' दुसऱ्याकडे 'म' होई. टंक बदलला की मजकूर मातीमोल. शिवाय काही टंक-प्रणालींना संगणकाच्या पाठीमागे लावायची एक किल्ली, म्हणजे डोंगल, लागत असे. ती ज्या खोबणीत बसे, ती खोबणीच नव्या संगणकांतून नाहीशी झाली.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक 1991 साली प्रमाण ठरले. जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र अंक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. विंडोज 2000 पासून 'मंगल' हा युनिकोड टंक संगणकाबरोबरच येऊ लागला, तो र. कृ. जोशी या मराठी कवी व अक्षरकलावंताने घडविला होता. म्हणजे सोय झाली होती. परंतु एक्सपीमध्ये देवनागरीचा आधार आपोआप सुरू नसे. तो वेगळा निवडून, तबकडी घालून बसवावा लागे. हे सांगणारे कोणी नव्हते. दुसरीकडे 2001 साली निघालेली पेजमेकरची सातवी व अखेरची आवृत्ती युनिकोड जाणत नव्हती, आणि मराठी छापखाने तर पेजमेकरवरच उभे होते. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके, दिवाळी अंक आणि आपल्या शाळेच्या मागील स्मरणिका याच जोडीवर जुळविल्या गेल्या. ज्या छापखान्याच्या कपाटात वीस वर्षांचे काम अशा रूपात साठले आहे, तो जुना संगणक टाकील कसा? तो टाकणे म्हणजे वीस वर्षांची भाषा टाकणे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल मोडीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. वाचणारे डोळे मात्र थोडे उरले. सम्राट अशोकाचे शिलालेख तर उघड्या आकाशाखाली उभे होते; परंतु ब्राह्मी लिपीची ओळख हरवल्यामुळे ते शतकानुशतके मुके राहिले. जेम्स प्रिन्सेपने 1837 च्या सुमारास ती लिपी उलगडली तेव्हा ते पुन्हा बोलू लागले. लेख नष्ट होण्यासाठी दगड फुटावा लागत नाही. तो वाचण्याची रीत विसरली की पुरते.

धोका खरा आहे

येथवर वाचून कोणी असे समजू नये, की जुन्या प्रणालीचे आम्ही समर्थन करतो. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. ती संगणकातील सर्व मजकूर कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी 300 डॉलरची मागणी करी. सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील 236 पैकी किमान 81 रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.

या घटनेचा दोष सर्रास एक्सपीवर टाकला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या छिद्रातून हा चोर शिरला ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च 2017 मध्ये, दिली होती. इंग्लंडच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पुढे दाखवून दिले, की तेथील बहुसंख्य बाधित यंत्रे विंडोज 7 वर चालणारी, म्हणजे त्या वेळी आधार असलेली होती. फक्त तिच्यावर ती सुधारणा कोणी बसविली नव्हती. यातून दोन बोध निघतात. एक, आधार संपलेली प्रणाली धोक्याची आहेच. दोन, नवी प्रणाली घेऊन निष्काळजी राहणारा मनुष्य जुन्या प्रणालीवाल्याहून फारसा सुरक्षित नाही. रक्षण खरेदीने होत नाही, दक्षतेने होते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. एक्सपीचा आधार संपल्यावर इंग्लंडच्या सरकारने एका वर्षाच्या मुदतवाढीसाठी सुमारे 55 लाख पौंड मोजले. अमेरिकेच्या नौदलाने 2015 साली त्याच कारणासाठी 90 लाखांहून अधिक डॉलरचा करार केला. म्हणजे बलाढ्य संस्थाही जुन्या प्रणालीवर अडकतात. मात्र त्या वेळ विकत घेऊ शकतात. गरिबाला वेळ विकत मिळत नाही. तो त्याच अवस्थेत राहतो, आणि त्याला मागासलेला म्हटले जाते.

आमच्या कार्यालयातील गोष्ट

आता त्या कोपऱ्यातील संगणकाकडे वळू. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कार्यालयाचे छप्पर गळले आणि जनरल रजिस्टरच्या दोन जुन्या खंडांची पाने एकमेकांस चिकटली. पुढच्याच वर्षी एका माजी विद्यार्थ्याची कन्या आमच्याकडे आली. तिचा वैद्यकीय प्रवेश जात पडताळणीवर अडला होता आणि वडिलांच्या शाळाप्रवेशाच्या नोंदीचा उतारा तिला हवा होता. वडील हयात नव्हते. त्यांच्या प्रवेशाचे नेमके वर्षही घरात कोणास आठवत नव्हते. मुदत पाच दिवसांची होती.

एका माजी विद्यार्थ्याने फार पूर्वी फॉक्सप्रोमध्ये जुन्या रजिस्टरांची सूची करून ठेविली होती. ती नव्या संगणकावर उघडेना. आतील मजकूर वेगळा काढून पाहिला, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा. मग कोपऱ्यातील तो जुना संगणक पुसून सुरू केला. सूची उघडली. मराठीत नाव दिसले, त्यापुढे रजिस्टर क्रमांक. त्या क्रमांकावरून चिकटलेल्या खंडातील नेमके पान कळले. आमच्या लिपिकांनी दोन दिवस तो गठ्ठा सावलीत वाळवून, पातळ पट्टीने एक-एक पान सोडवून ती नोंद मोकळी केली. शाई पसरली होती, पण जातीचा रकाना वाचता येत होता. उतारा वेळेत गेला. ती मुलगी आज शिकत आहे.

आमच्या समाजात कागदाची किंमत काय आहे, हे वाचकांस सांगावयास नको. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या पूर्वजांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांच्याकडेच शाळेच्या दाखल्याची मागणी होते. अशा स्थितीत जी थोडी दप्तरे आपल्या संस्थांनी राखली, ती एखाद्या जुन्या प्रणालीबरोबर मुकी होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : आम्ही त्या संगणकाला चिकटून बसलो नव्हतो, आमच्या नोंदी त्यात अडकल्या होत्या.

मग करावे काय?

अनुभवातून आम्ही काही नियम बांधले, ते इतर संस्थांसही उपयोगी पडावेत. पहिला, जुना संगणक ठेवणे भाग असेल तर त्याचा इंटरनेटशी संबंध पूर्ण तोडावा आणि बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्यावाचून त्यास लावू नये. दुसरा, त्यावर बँकेचा व्यवहार कदापि करू नये. तिसरा, त्यातील मजकुराच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, त्यातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम आजच सुरू करावे. जुना संगणक हे राहते घर नसून स्थलांतराचा तळ आहे, हे ध्यानी धरावे.

विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी आम्ही लिनक्सचा मार्ग धरला. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा पाया घातला. ती कोणासही विनामूल्य घेता येते आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात, शिवाय त्यांना सुधारणा मिळत राहतात. केरळने 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा उपक्रम 2001 साली सुरू केला आणि पुढे आपल्या सरकारी शाळांचे संगणकशिक्षण अशाच मुक्त प्रणालीवर नेले. हे श्रीमंत राज्याचे चोचले नव्हते. तो विचारपूर्वक घेतलेला धोरणात्मक निर्णय होता. आमच्या मुलांना आरंभी ती प्रणाली परकी वाटली, पंधरवड्यात सवयीची झाली. नोकरीच्या जागी विंडोज असते हे खरे; म्हणून दोन संगणक आम्ही नव्या विंडोजवरही ठेविले आहेत. दोन प्रणाली शिकलेले मूल तिसरीला भीत नाही.

जनरल रजिस्टरच्या सूचीचे युनिकोडमध्ये रूपांतर आठवी-नववीच्या मुलामुलींनी चालविले आहे. रूपांतर करणारी आज्ञावली जोडाक्षरांत व रफारात चुकते. म्हणून एक मूल मूळ रजिस्टर वाचते, दुसरे पडद्यावर तपासते. परवा एका मुलीला त्या यादीत आपल्या आजोबांचे नाव सापडले. तिने ते स्वतः दुरुस्त केले. रफार चुकीच्या अक्षरावर पडला होता.

माजी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या कार्यालयांतून बाद झालेले संगणक शाळेला देऊ करता, त्यामागील प्रेम आम्ही जाणतो. परंतु देण्यापूर्वी एवढे पाहा, की त्या यंत्राला सुधारणा मिळणारी एखादी प्रणाली चालेल किंवा नाही. आणि यंत्रापेक्षा आम्हांस तुमचे दोन रविवार अधिक हवे आहेत. सूचीतील निम्म्याहून अधिक नावे अजून तपासावयाची आहेत. ते काम पुरे होईल त्या दिवशी कोपऱ्यातील तो संगणक आम्ही तुमच्याच हस्ते बंद करू.